करवंद की अळंबी? बचत गटाचे पैसे कशात घालावेत

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात रानमेव्याचा धंदा करायचं ठरलं की नजर आधी अळंबीकडे जाते. कारण उघड आहे, भाव! करवंदं घाटात द्रोणाने विकली जातात. वारुळावरची अळंबी पानात बांधून, मोजून. गोव्यात तर श्रावणात मासे-मटण बंद असलेल्या घरांत तिला मागाल ती किंमत मिळते. तरीही गटाचं भांडवल करवंदातच घाला, असं मी सांगेन.

करवंदं येतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा शेत रिकामं असतं. अळंबी उगवते पावसात, बहुतेकदा भातलावणीच्या ऐन धांदलीत. तिच्यासाठी सकाळभर रान तुडवलं की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती कोणी हिशेबात धरत नाही.

शिवाय ही अळंबी घरी पिकवता येत नाही. तिची बुरशी वाळवी आपल्या वारुळात जोपासते. देठ ओढताना वारूळ उकरलं, तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवेलच असं नाही. टोपी मिटलेली असतानाच विकायची, दुसऱ्या दिवशी किडे पडतात. वाळवली तर दहा किलोची जेमतेम किलोभर उरते. विषारी अळंबीचा धोका वेगळाच. काहींचा त्रास खाल्ल्यावर सहा-बारा तासांनी सुरू होतो. अनोळखी गिऱ्हाइकाला पाकिटातून विकायचा हा माल नव्हे.

पिकलेली करवंदंही टिकत नाहीत; 'डोंगरची काळी मैना' त्याच दिवशी संपवावी लागते. खरी कमाई कच्च्या करवंदात आहे. तोडताना पांढरा चीक बोटांना चिकटतो, म्हणून आधी हाताला तेल लावायचं. मग करवंदं मिठाच्या पाण्यात टाकायची, उभी चिरून बिया काढायच्या. सगळा वेळ खातं ते हे बिया काढणं, मजुरी इथेच धरा. पण लोणचं वर्षभर टिकतं, मेमध्ये घातलेलं दिवाळीतही विकता येतं. कच्च्या फळात जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेलीला बाहेरून काही घालावं लागत नाही.

वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे गावाचा हक्क मान्य झाला असेल तर गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणारी करवंदांसारखी उपज, गोळा करून विकता येते. दावा अडकलेला असेल किंवा रान अभयारण्यात असेल, तर आधी ग्रामसभेत आणि वन विभागात विचारा.

अळंबी सोडून द्या असं नाही, फक्त ती गटाच्या वहीत आणू नका. कुठल्या वारुळावर उगवते हे बाई शेजारणीलाही सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. जिला सापडली तिने त्याच दिवशी विकावी, पैसेही तिचेच.