कपॅसिटन्स मीटर सात महिने वापरून: आधी दोन स्टार दिलेले, आता चार

घेतला भाच्यासाठी. बारावीत आहे, प्रोजेक्टला "परावैद्युत" घालून समांतर प्लेटच्या संधारित्राची धारिता (म्हणजे कपॅसिटरची कपॅसिटन्स, त्यात किती चार्ज मावतो ते) काढायची होती (इंदूरला आमची पोरं शिकतात हिंदीत, घरी बोलतात मराठी, त्यामुळे परावैद्युत म्हणजे आपलं डायइलेक्ट्रिक, दोन प्लेटच्या मधला वीज वाहू न देणारा थर, हे कळायलाच मला दहा मिनिटं गेली).

अॅल्युमिनियमचे २० बाय २० सेंटिमीटरचे दोन पत्रे कापून आणले, मधे चार कोपऱ्यांत टाइल्सवाले वापरतात ते २ मिमीचे प्लॅस्टिकचे स्पेसर. हिशोब सोपा आहे, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणि अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, ०.८८५ गुणिले के गुणिले क्षेत्रफळ भागिले अंतर, उत्तर थेट पिकोफॅरडमध्ये (कपॅसिटन्सचं छोटं एकक). के म्हणजे मधल्या पदार्थाने धारिता किती पट होते तो आकडा, हवेचा १ धरला की १७७. मीटर २०० च्या रेंजवर लावला तर डिस्प्लेवर नुसता १, म्हणजे रेंजच्या बाहेर! त्याच रात्री रागाने दोन स्टार ठोकले. नंतर कळलं की झीरोचा नॉब फिरवलाच नव्हता, नुसत्या वायरींचेच वीसेक पिको त्यात धरले जात होते. झीरो केल्यावर १८७ आलं, वरचे दहा कडेने बाहेर फुगणाऱ्या फील्डचे आणि थोडे त्या स्पेसरचे. वायरींना हात लावून रीडिंग घेऊ नका, आकडा नाचतो.

खरी मजा ओएचपी शीटची (प्रोजेक्टरवर ठेवायची ती पारदर्शक प्लॅस्टिकची शीट), ती स्पेसरऐवजी पत्र्यांच्या मधे घातली. जाडी ०.१ मिमी, के साधारण ३, म्हणजे १०,६२० पिको यायला हवेत, आले ४,२००. भाचा म्हणे मामा, मीटर खराब आहे, परत कर. मी वर पाटी ठेवून दहा किलो गव्हाची पिशवी ठेवली तर ६,६०० झाले!! पत्रा कधी एकदम सपाट नसतो ना, शीट आणि पत्र्याच्या मधे हवा राहते, ती सरासरी ०.०५ मिमी जरी धरली तरी शीटचे ०.१ भागिले ३ म्हणजे ०.०३३, अधिक हवेचे ०.०५, एकूण ०.०८३, आणि ३५४ ला (०.८८५ गुणिले ४०० चौरस सेंटिमीटर) त्याने भागलं की बरोबर ४,२०० च्या आसपास. शीटपेक्षा निम्मी जाडी असलेली हवाच जास्त खात होती. मग आईची नजर चुकवून शीटच्या दोन्ही बाजूंना गोडेतेल चोपडलं, त्याचाही के तीनच्या जवळपास असतो, आणि रीडिंग ९,४०० वर. (पत्रे अजून चिकट आहेत, बोलणी मी खाल्ली.)

आता मीटर रोज लागतो तो पंख्यांना. २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १.७ दाखवतो, म्हणजे पंखा का रेंगाळतो ते कळलं. त्यात आत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, के २.२, जाडी ६ मायक्रॉन धरली तर पाऊण चौरस मीटर पसरेल एवढी त्या मुठीएवढ्या डबीत गुंडाळलेली, भाच्याने स्वतः हिशोब करून दाखवला.

एक स्टार कापलाय तो ऑटो ऑफ नाही म्हणून, रात्रभर चालू राहिला की बॅटरी गेली. आणि क्लिपा ढिल्या, तिसऱ्याच महिन्यात एक तुटली, महाराणी रोडवरून नव्या आणून लावल्या. फ्यूज मात्र मीच उडवला, भरलेला कपॅसिटर डिस्चार्ज न करता लावला होता.