वकिलाशिवाय काउंटी कोर्टात घटस्फोट: फाइलिंगपासून अपोस्टिलपर्यंतचा अनुभव

कॅलिफोर्नियात वकील न लावता, काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) सुपीरियर कोर्टातून आमचा घटस्फोट झाला, त्याला आता काही महिने उलटले. पहिला अर्ज टाकण्यापासून डिक्रीवर, म्हणजे कोर्टाच्या निकालावर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) लावून ती पुण्याला पाठवण्यापर्यंत सगळी कागदपत्रं मी स्वतः केली. आमच्यात वाद नव्हता, मूल नव्हतं, दोघंही कमावते होतो. हा अनुभव तेवढ्याच प्रकारच्या केससाठी वाचा. मुलांचा ताबा, मारहाण, लपवलेला पैसा यातलं काही असेल तर सरळ वकील गाठा. बायको एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर आधी इमिग्रेशनवाल्याशी बोला, कारण घटस्फोट पक्का झाला की तो व्हिसा संपतो.

माझं मत आधीच सांगते. फाइलिंगची व्यवस्था वाटली होती त्याहून बरीच बरी निघाली. वकील नसलेल्यांना मदत करणाऱ्या कोर्टातल्या सेल्फ-हेल्प सेंटरला तर मी पैकीच्या पैकी गुण देईन. जुनं रेकॉर्ड शोधणं आणि कॉपी मिळवणं हे मात्र अजून तीस वर्षांपूर्वीचंच काम आहे. आणि ज्यांचं लग्न भारतात झालंय, त्यांच्यासाठी खरा प्रश्न यापैकी कुठल्याच खिडकीवर कुणी विचारत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय, तेवढं तरी वाचा.

अर्ज करायला दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेला हवा. फी ४३५ डॉलर. सॅन फ्रान्सिस्को, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोमध्ये ४५०. उत्पन्न कमी असेल तर एफडब्ल्यू-००१ भरून माफी मागता येते. मुख्य अर्ज एफएल-१००, त्याबरोबर समन्स एफएल-११०, मुलं असतील तर एफएल-१०५. कारण लिहायचं नसतं, मतभेद मिटण्यासारखे नाहीत या चौकटीत खूण केली की झालं. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारं अमेरिकेतलं हे पहिलं राज्य, १ जानेवारी १९७० पासून. माझ्या आईला हे काही केल्या पटेना. ‘अगं पण कारण काय लिहिलंस?’ हा प्रश्न ती अजूनही विचारते.

समन्स नीट वाचा, विशेषतः दुसरं पान. बहुतेकजण ते नवऱ्याला किंवा बायकोला पाठवायचा कागद समजून तसंच पुढे सरकवतात. त्या पानावरचे मनाई हुकूम अर्ज करणाऱ्यावर अर्ज दाखल होताच लागू होतात, समोरच्यावर समन्स बजावल्यावर. विम्यावरचं नाव बदलायचं नाही, जोडीदाराला आरोग्य विम्यातून काढायचं नाही, मालमत्ता परस्पर विकायची नाही. आणि आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडणारा हुकूम म्हणजे दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी नसेल, तर मुलांना राज्याबाहेर न्यायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांकडे जायची तिकिटं आधीच काढलेली असली, तरी ही संमती घ्यावीच लागते.

ई-फाइलिंग खासगी कंपन्यांमार्फत होतं. कोर्टाच्या फीवर त्यांचा आकार आणि कार्डाचा आकार लागतो. वकील नसलेल्यांवर त्याची सक्ती नाही, खिडकीवर जाऊन कागद देता येतात. पण रात्री अकरा एकोणसाठपर्यंत पाठवलेला कागद त्याच दिवसाचा धरतात, ही सोय नोकरी करणाऱ्याला फार मोठी. गंमत पुढे आहे. माझा पहिला गठ्ठा परत आला. कारणाच्या जागी एकच ओळ: स्थानिक फॉर्म जोडलेला नाही. कुठला फॉर्म, ते लिहिलेलं नव्हतं. राज्याचे फॉर्म अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न काउंट्यांना सारखे, पण वर प्रत्येक काउंटीची स्वतःची चटणी-कोशिंबीर असते. ती राज्याच्या यादीत दिसत नाही, त्या काउंटीच्या कोर्टाच्या वेबसाइटवर ‘स्थानिक फॉर्म’ या सदरात वेगळी शोधावी लागते.

इथे सेल्फ-हेल्प सेंटर कामाला आलं. कोर्टाच्या इमारतीतच असतं, फुकट असतं. तुम्ही काय करावं हे ते सांगत नाहीत. कुठली चौकट कशासाठी आणि कुठला कागद कशाच्या मागे, हे बिनचूक सांगतात. तिथल्या बाईंनी माझा अख्खा गठ्ठा टेबलावर पसरला, सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आणि दोन पानं उलटसुलट क्रमानं लागली होती ती स्वतः सारखी केली. ऑनलाइन तीनशे-चारशे डॉलर घेऊन फॉर्म भरून देणाऱ्या सेवा यापेक्षा जास्त काही देत नाहीत.

सगळ्यात वेळखाऊ भाग मालमत्तेची माहिती. एफएल-१४० (माहिती दिल्याचं निवेदन) आणि एफएल-१५० (उत्पन्न-खर्च) बरोबर मी एफएल-१४२ (मालमत्ता आणि देण्यांची यादी) भरला. त्यात प्रत्येक वस्तूपुढे ती कधी घेतली, आजची किंमत काय, देणं किती, असे रकाने असतात, आणि ती एकाची वेगळी मालमत्ता आहे का हेही नोंदवायचं असतं. भारतातलं सगळंसुद्धा यात येतं. पीपीएफ, पुण्यातल्या बँकेची एफडी, लग्नाच्या वर्षी सासऱ्यांनी आग्रहानं घ्यायला लावलेली एलआयसीची पॉलिसी. तिला ‘सरेंडर व्हॅल्यू असलेला जीवन विमा’ या रकान्यात जागा आहे, पण ती व्हॅल्यू शाखेतून लेखी मिळवायला जीव जातो. दागिन्यांचा रकाना वेगळा. आईनं घातलेल्या पाटल्या आणि लग्नानंतर दोघांच्या पगारातून घेतलेला हार यांचा हिशेब कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वेगळा होतो. पहिल्या माझ्या, दुसऱ्यात दोघांचा अर्धा अर्धा वाटा. ही यादी एकमेकांना द्यायची, कोर्टात फक्त दिल्याची नोंद करणारा एफएल-१४१ दाखल करायचा. हे मला आवडलं, कारण कोर्टात दाखल झालेला कागद कोणीही जाऊन पाहू शकतो. एफएल-१५० दाखल करायची वेळ आली तर त्याला जोडलेल्या पगारपत्रकावरचा सोशल सिक्युरिटी नंबर आधी खोडा.

आता तो न विचारला जाणारा प्रश्न.

दोघांचं एकमत असेल तर कॅलिफोर्नियात दोन वाटा आहेत. पहिलीत समोरचा माणूस उत्तरच दाखल करत नाही. दोघांत लेखी करार होतो, त्यावरची त्याची सही नोटरी केली जाते आणि डिफॉल्ट, म्हणजे समोरच्यानं उत्तर दिलं नाही, असं नोंदवून डिक्री मिळते. दुसरीत तो एफएल-१२० किंवा एफएल-१३० मधून कोर्टात हजेरी लावतो, आणि त्या हजेरीची वेगळी ४३५ डॉलर फी भरावी लागते. साहजिकच सगळे पहिली वाट सुचवतात. पैसे वाचतात, इथल्या डिक्रीत काही फरक पडत नाही.

फरक भारतात पडू शकतो. परदेशी निकाल कधी ग्राह्य धरायचा ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे, आणि वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटापुरता त्याचा अर्थ लावून दिलाय. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर त्याच कायद्यातलं कारण लागतं, आणि ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ हे कारण त्या कायद्यात नाही. मात्र समोरच्या पक्षाची घटस्फोटाला संमती असेल तर तो अपवाद धरला आहे. म्हणजे पुढेमागे कुणी पुण्याच्या कोर्टात शंका काढली, तर फाइलमध्ये संमती दिसली पाहिजे. नोटरी केलेला करार हाही पुरावा आहेच. पण डिक्रीवर ‘डिफॉल्ट’ असा शब्द आणि त्याखाली एकाचीच हजेरी, हे इथे मामुली दिसतं, तिथे गैरहजेरीत झालेला निकाल वाटतं. पुण्यातल्या वकिलांनी हे सांगितल्यावर आम्ही दुसरी फी भरली. माझ्या तेव्हाच्या नवऱ्यानंच भरली, एक शब्द न बोलता. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर भारतातल्या वकिलाला निदान एकदा विचारा, तेही अर्ज करण्याआधी. २०२६ पासून कॅलिफोर्नियात दोघांनी मिळून संयुक्त अर्ज करायचीही सोय झाली आहे; आमच्या वेळी असती तर मी तीच निवडली असती.

जोडीदार भारतात परत गेला असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. समन्स स्पीड पोस्टानं पाठवून भागत नाही. परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलच्या हेग सर्व्हिस करारातल्या टपालाच्या मार्गाला भारताची हरकत आहे, त्यामुळे कागद दिल्लीतल्या कायदा मंत्रालयामार्फत जातात. त्यात महिने जातात, तेवढा धीर धरा.

समन्स बजावल्यापासून, किंवा समोरच्यानं त्याआधी हजेरी लावली असेल तर हजेरीपासून, सहा महिने व्हायच्या आत विवाह संपत नाही. सहा महिने झाले की आपोआप संपतो, हा मात्र व्हॉट्सॲपवरचा गैरसमज. निकालाचा गठ्ठा तुम्हीच दाखल करायचा असतो: एफएल-१७० (निवेदन), एफएल-१८० (निकाल), एफएल-१९० (निकालाची सूचना), करार, आणि आपापले पत्ते लिहिलेले, तिकीट लावलेले दोन लिफाफे. निकालाची सूचना तुमच्याच हस्ताक्षरातल्या लिफाफ्यातून तुमच्या घरी येते. एफएल-१८० वर विवाह कधी संपतो ती तारीख असते. ती ३१ डिसेंबरच्या अलीकडे आली तर त्या अख्ख्या वर्षाचा टॅक्स ‘सिंगल’ म्हणून भरायचा. आकडेमोड आधी करून ठेवा.

मग रेकॉर्ड. कोर्टाच्या पोर्टलवर केस नंबर टाकला की कुठला कागद कधी दाखल झाला ती यादी दिसते. कौटुंबिक केसचे प्रत्यक्ष कागद बाहेरच्या माणसाला घरबसल्या दिसत नाहीत, त्यासाठी कोर्टातल्या संगणकावर जावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये तर ही फाइल पक्षकार आणि वकिलांखेरीज कुणाला दाखवतच नाहीत. लग्नाचा दाखला देणारं काउंटी क्लार्क-रेकॉर्डरचं ऑफिस डिक्री देत नाही, तिथे रांग लावू नका. राज्याच्या साक्रामेंटोतल्या व्हायटल रेकॉर्ड्सकडेही (जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारं ऑफिस) डिक्री नसते. त्यांच्याकडे १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांचं नोंद-प्रमाणपत्र मिळतं, बस. ‘घटस्फोट रेकॉर्ड मिनिटात’ म्हणून पैसे मागणाऱ्या वेबसाइट तर काही प्रमाणित करूच शकत नाहीत.

याचा खरा इंगा ओळखीच्या एका काकूंसाठी शोधताना कळला. त्यांचा घटस्फोट नव्वदीच्या दशकातला, दुसऱ्या काउंटीतला. लग्न दहा वर्षांच्या वर टिकलं होतं, म्हणून आधीच्या नवऱ्याच्या सोशल सिक्युरिटीवर (सरकारी पेन्शनवर) त्यांचा हक्क बसत होता, पण डिक्री हरवलेली. केस नंबर नाही. क्लार्कनं नावावरून शोधलं, काही नाही. दहा मिनिटांहून जास्त शोधलं तर १५ डॉलर लागतात, ते भरले. मग मी म्हटलं, ‘काकू, तुमचं मधलं नाव काय लावलं होतं तेव्हा?’ नवऱ्याचं नाव मधे, आडनावाचं स्पेलिंग शेवटी एक ‘ए’ जास्त घालून केलेलं. आणि नोंद मधल्या नावाखाली. तुमच्याकडे जुना पासपोर्ट असेल तर शोधायला जाताना तो घेऊन जा, तेव्हाचं स्पेलिंग त्यावर सापडतं.

घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत करायची फी १५ डॉलर, साध्या झेरॉक्सचे पानाला ५० सेंट. प्रमाणित प्रती एकदमच जास्तीच्या घ्या. माहेरचं नाव परत हवं असेल तर ते निकालातच मागून घ्या. राहिलं तर नंतर एफएल-३९५ भरता येतो.

भारतासाठी त्या प्रतीवर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल लागतं. २० डॉलर, साक्रामेंटोला पोस्टानं. साक्रामेंटो किंवा लॉस एंजलिसला प्रत्यक्ष गेलात तर वर ६ डॉलर. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. अपोस्टिलचं पान डिक्रीला पिननं जोडलेलं येतं. ती पिन काढली की कागदावर शंका घेतली जाते, आणि पुण्यातला प्रत्येक झेरॉक्सवाला सगळ्यात आधी पिनच काढतो. भावाला कागद देताना मी वर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, तरी तो दुकानात शेजारी उभा राहिला.