संगणक कक्षाची देखभाल: एएमसी, संगणक शिक्षक की विद्यार्थ्यांचं पथक?

जूनमध्ये संगणक कक्षाचं कुलूप निघतं, काही मशीन सुरूच होत नाहीत आणि विषय शाळा समितीपुढे येतो. मार्ग तीन: बाहेरच्या दुकानाशी वार्षिक देखभालीचा करार म्हणजे एएमसी, सगळा भार संगणक शिक्षकावर, किंवा आठवी-नववीच्या मुलामुलींचं तंत्रसाहाय्य पथक. माझं मत असं की पथक उभं करावं आणि विजेच्या व सुटे भाग बदलण्याच्या कामांसाठी लहानसा करार सोबत ठेवावा. पण करारावरचा खर्च वाचावा एवढ्यासाठीच पथक हवं असेल, तर ते उभं करू नका.

शाळेत रोज अडतं ते क्षुल्लक गोष्टींनी. एचडीएमआय केबल सैल, प्रोजेक्टरचा इनपुट भलताच निवडलेला, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि संकेतस्थळं ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. यासाठी तालुक्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत दोन दिवस जातात, तास मात्र पस्तीस-चाळीस मिनिटांचाच. दोनदा असा खोळंबा झाला की विज्ञानाच्या बाई पुन्हा प्रोजेक्टरच्या वाटेला जात नाहीत, आणि धड चालणारं उपकरण वर्षभर झाकून राहतं. मला सर्वांत मोठं नुकसान हेच वाटतं. वर्गातलीच एखादी मुलगी उठून दोन मिनिटांत चित्र पडद्यावर आणते, तेव्हा ते टळतं.

संगणक शिक्षकाला हे येतं, पण वेळ कुठे आहे? यूडायस आणि सरल या सरकारी प्रणालींत शाळेची माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्याच्याच टेबलावर. शिवाय तो कंत्राटी असेल तर कंत्राटाबरोबर माहितीही निघून जाते. आपल्याकडे आयसीटी या शाळांना संगणक पुरवण्याच्या सरकारी योजनेत ‘बूट’ पद्धतीने, म्हणजे कंपनीने कक्ष उभारून चालवायचा आणि मुदतीनंतर शाळेला सोपवायचा अशा रीतीने, संगणक आले, तेव्हा कंपनीची जबाबदारी पाच वर्षांपुरती होती. त्यानंतर संगणक शाळेचे झाले, आणि त्यांची देखभालही शाळेच्याच गळ्यात आली.

एएमसीचं बळ सुट्या भागांत आहे. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, जळला, हार्ड डिस्क गेली, तर तिथे मुलांचं काम नाही. मात्र करार सुट्या भागांसह आहे की फक्त मजुरीचा, हे सहीपूर्वी वाचा. यूपीएसची बॅटरी, टोनर आणि प्रोजेक्टरचा दिवा बहुधा वगळलेले असतात, आणि खर्च तिथेच होतो.

पथकाचं मोठं उदाहरण केरळचं. तिथे ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०१८मध्ये माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ सुरू केलं. अभिरुची चाचणी घेऊन मुलं निवडतात आणि प्रत्येक गटाला शाळेतलेच शिक्षक मार्गदर्शक असतात. अ‍ॅनिमेशन, प्रोग्रॅमिंग, मल्याळम संगणन, हार्डवेअर, सायबर सुरक्षा असं रीतसर शिक्षण मिळतं, आणि त्याच्या जोडीला हायटेक, म्हणजे संगणक-प्रोजेक्टर असलेल्या, वर्गांतली उपकरणं सांभाळायला मुलं मदत करतात. असे वर्ग ४५,००० आहेत. शाळांत मुक्त सॉफ्टवेअर असल्याने परवान्यांची अडचण येत नाही. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी शिकणं, मग काम. नुसत्या केबल जोडायला मुलं धाडली तर ती फुकटची राबणूक होते, आणि पालकांनी जाब विचारला तर त्यांची चूक नाही.

पथकाला मर्यादा आखून द्याव्या लागतात. एसएमपीएस आणि यूपीएस मुलांनी कधीच उघडायचे नाहीत. प्लग काढला तरी आत विद्युतभार उरतो. पावसाळ्यात दमटपणाने रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, अडते, ती काढून खोडरबराने पुसणं चालेल, पण वीजजोडणी काढून आणि शिक्षक शेजारी उभे असताना. कार्यालयाचा संगणक, पासवर्ड, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक यांपासून पथक पूर्ण दूर. दहावीची मुलं नकोत. मुली निम्म्या असाव्यात, आणि हे आग्रहाने करावं लागतं, कारण एरवी माउस मुलग्यांच्याच हातात राहतो. निवड गुणांवर करू नका. गणितात मागे असलेला पण घरचा मिक्सर उघडून पाहणारा मुलगा इथे खुलतो.

शिक्षक आठवड्याला एक तासही पथकासाठी देऊ शकत नसतील, तर यंदा फक्त करार करा. तास मिळत असेल, तर करार सुट्या भागांसह घ्या आणि कक्षात एक बिघाड-वही ठेवा: तारीख, मशीन क्रमांक, काय झालं, कोणी काय केलं. पुढच्या जूनमध्ये दुकानदाराशी दर ठरवताना ती वही समोर ठेवा. कोणती कामं मुलांनीच उरकली आणि कशासाठी खरोखर तंत्रज्ञ लागला, ते त्यात लिहिलेलं असेल.