अपटाइम कुमा आणि रेस्टिक: अख्खा पावसाळा वापरल्यावर

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. नवरा घरून काम करतो, सासरे म्हणजे बाबा सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे मेंटेनन्सचे सगळे हिशेब आमच्याच डेस्कटॉपवर, आणि माझे फोटो वगैरे आहेतच. नेट आणि बॅकअप दोन्हीवर लक्ष ठेवायला पावसाळ्याच्या आधी अपटाइम कुमा हा प्रोग्राम बसवला, आणि प्रत्यक्ष बॅकअप घ्यायला रेस्टिक. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. आता काही महिने झालेत म्हणून सविस्तर लिहितेय, कारण बसवायचं कसं हे सगळीकडे मिळतं पण वापरल्यावर काय होतं ते कोणी फारसं सांगत नाही.

कुमा एका जुन्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालतं, ब्राउझरमध्ये ३००१ पोर्टवर उघडायचं. डेस्कटॉपवर त्याचं स्टेटस पेज वेगळ्या विंडोत कायम उघडं ठेवलंय, हिरव्या पट्ट्या दिसल्या की बाबांनाही कळतं सगळं ठीक आहे म्हणून. एक गोष्ट मात्र नक्की करा, तो लॅपटॉप राउटरला वायरनेच जोडा. वायफायवर ठेवलात तर वायफायच्या अडचणी पण नेटच्या खात्यात जमा होतात आणि मग काहीच कळत नाही.

पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघणं, तीन ठिकाणी लावलंय. पहिलं घरचा राउटर, १९२.१६८.१.१. दुसरं राउटरच्या पुढचा पहिला टप्पा, म्हणजे नेटवाल्याच्या बाजूचा, ट्रेसर्ट कमांड चालवली की दुसऱ्या ओळीत दिसतो, आमचा १०० ने सुरू होतो (काहींकडे तो पिंगला उत्तरच देत नाही, मग पुढचा घ्या). तिसरं बाहेरचं, १.१.१.१. शिवाय डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) एक वेगळा मॉनिटर, म्हणजे कुमातली एक तपासणी, कारण कधीकधी लाइन चांगली असते आणि फक्त नावं सापडत नसतात, घरात मात्र सगळे ‘नेट गेलं’ म्हणूनच ओरडतात. कुठली पट्टी लाल झाली त्यावरून बिघाड घरात, मधे की पलीकडे ते लगेच समजतं.

याचा खरा उपयोग जुलैत झाला. पाऊस जोरात आला की नेट तुटायचं, परत यायचं, आणि कस्टमर केअरवाले दर वेळी राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगायचे. मग राउटरची पट्टी सलग हिरवी आणि दुसरी पट्टी मधे मधे लाल असा स्क्रीनशॉट तारीखवार पाठवला, तेव्हा कुठे माणूस मीटर घेऊन आला. फायबरवर येणारा प्रकाश उणे २९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) निघाला, घरगुती फायबरची बॉक्स साधारण उणे २७ पर्यंतच तो नीट वाचू शकते. खाली डक्टमधल्या (केबल जाते त्या पोकळीतल्या) जॉइंटमध्ये पाणी शिरलं होतं, त्याने तो परत जोडून दिला आणि आकडा उणे २० च्या आत आला. मला विचाराल तर ज्यांच्या घरात कोणी घरून काम करतं त्या प्रत्येकाकडे असा पुरावा पाहिजेच, नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हणून भांडून कोणी हलत नाही.

आता बॅकअप, ज्यासाठी मी हे सगळं मुळात केलं. बहुतेक प्रोग्राम बिघडले की मेसेज देतात, पण कॉम्प्युटर झोपलेला असेल, टास्क चाललाच नसेल, ड्राइव्हची वायर निघालेली असेल तर मेसेज देणार कोण? कुमाचा पुश मॉनिटर उलटा चालतो. बॅकअप नीट संपला की तो चालवणारी स्क्रिप्ट (कमांडची छोटी फाइल) त्याला हाक मारते, म्हणजे त्याचा ठरलेला वेब पत्ता उघडते, आणि ठरलेल्या वेळात हाक आली नाही की तो लाल होतो. मी २६ तास ठेवलेत, दिवसाला एक बॅकअप आणि वर दोन तास उशिराला. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये कॉम्प्युटरला जागं करायची आणि वेळ चुकली तर नंतर चालवायची अशा दोन टिका असतात, त्या दोन्ही करा.

स्क्रिप्टमध्ये एक बारीक गोष्ट आहे ती महत्त्वाची. रेस्टिकला काही फाइली वाचता आल्या नाहीत तरी तो उरलेल्यांचा स्नॅपशॉट (त्या वेळची बॅकअप प्रत) बनवतो आणि कोड ३ देऊन संपतो, सगळं नीट झालं तर कोड शून्य असतो. म्हणजे ड्राइव्हवर नवीन तारीख दिसते पण आउटलुकची मोठी फाइल त्यात नसते, कारण ती उघडी होती! म्हणून कोड शून्य असेल तरच हाक मारायची. उघड्या फाइलींसाठी रेस्टिकमध्ये विंडोजचा शॅडो कॉपीवाला पर्याय (उघड्या फाइलीचीही त्या क्षणाची प्रत घेणारा) आहे, तो अ‍ॅडमिन म्हणून चालवावा लागतो, पण तो लावल्यापासून ३ आलेला नाही.

आठवड्याला रेस्टिकची चेक कमांड वेगळी चालते, तिचाही पुश मॉनिटर आहे. साधा चेक फक्त रचना तपासतो, डेटा प्रत्यक्ष वाचत नाही, म्हणून ५ टक्के डेटा वाचायला सांगितलंय. आणि अधूनमधून बाबांचा हिशेबाचा फोल्डर दुसरीकडे रिस्टोर करून ते स्वतः उघडून बघतात, आकडे जुळले की मला बरं वाटतं.

एक कॉपी घरच्या ड्राइव्हवर, एक भावाकडे ऐरोलीला नेटवरून जाते. सुरुवातीला ती चालू असताना नवऱ्याचे कॉल अडकायचे, कुमाच्या आलेखात पिंग ५ मिलिसेकंदांवरून २०० च्या पुढे गेलेलं स्पष्ट दिसायचं, अपलोड पूर्ण भरलं की असं होतंच. रेस्टिकला अपलोडची मर्यादा घातली, वेळ पहाटे ३ ची केली, प्रश्न मिटला.

कमी काय आहे तर स्पीड टेस्ट कुमात नाही, कुठला मोबाइल किती डेटा खातोय तेही नाही. आणि नेट पूर्ण गेलं तर कुमाचा टेलिग्राम मेसेज घरातून बाहेरच पडू शकत नाही. मग हेल्थचेक्स या बाहेरच्या वेबसाइटच्या फुकट खात्यावर घरातून दर ५ मिनिटांनी हाक जाते, ती थांबली की तेच बाहेरून मेल करतात. मी ऑफिसात असताना घरची लाइट बराच वेळ गेली तरी यातूनच कळतं. राउटर आणि फायबरच्या बॉक्सला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय, नाहीतर लाइट नुसती झपकली तरी सगळं परत चालू व्हायला वेळ जातो.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कोणीही परत काढून देऊ शकत नाही, सगळं एन्क्रिप्टेड असतं. आमचा कागदावर लिहून कपाटात बँकेच्या कागदांबरोबर आहे आणि एक प्रत भावाकडे. बसवणार असाल तर आधी बॅकअपचा पुश मॉनिटर लावा, पिंगचं नंतर निवांत बघता येतं.