कॅमल रॉयल ब्लू : रोजच्या लिहिण्याची शाई

फाउंटन पेनच्या हौशी मंडळींत परदेशी शायांची चर्चा पुष्कळ होते; मला मात्र कॅमलच्या रॉयल ब्लू शाईविषयी लिहायचे आहे, कारण माझी रोजची टिपणे गेली अनेक वर्षे याच शाईने लिहिली जात आहेत.

दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधू गोविंद यांच्यासह १९३१ साली मुंबईत ‘दांडेकर अँड कंपनी’ सुरू केली, तेव्हा त्यांचा पहिला माल ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या हा होता. पूड पाण्यात कालवून दौत भरायची आणि टाक बुडवून लिहायचे, असा तो काळ होता. फाउंटन पेनला ही घरगुती शाई चालत नाही. तिच्यात गाळ राहिला तर निबकडे जाणारी बारीक वाट तुंबते आणि अक्षर तुटू लागते. पुढे या पेनांसाठी त्यांनी ‘कॅमल’ शाई आणली, आणि कॅमल व इंक हे दोन शब्द जोडून कॅमलिन हे नाव झाले.

आजच्या बाटलीतही न तुंबता वाहण्याचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. शाई निबातून एकसारखी उतरते, बारीक निबने लिहिल्यास साध्या वहीच्या पानामागे फारशी उमटत नाही आणि साध्या पाण्याने पेन लवकर स्वच्छ होते. वाळल्यावर रंग किंचित फिका पडतो. गडद निळा हवा असणाऱ्यांना तो कदाचित रुचणार नाही. पाणी सांडले की अक्षरे पसरतात. धुऊन जाणाऱ्या सगळ्याच शायांचा हा स्वभाव असल्याने करारावर किंवा पाकिटावरच्या पत्त्यासाठी मी ती वापरत नाही.

दिगंबररावांचे पुत्र सुभाष दांडेकर ग्लासगोला रंगरसायनशास्त्र शिकून आले आणि १९६०च्या दशकात कंपनी चित्रकलेच्या रंगांकडे वळली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कितीतरी मुलांच्या हाती या रंगांच्या बाटल्या आल्या, हे त्यांचे फार मोठे काम आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीच, २०११ साली, जपानच्या कोकुयोने कंपनीतील निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याचा करार केला होता. शाईवरचे ‘कॅमल’ हे नाव मात्र टिकले, याचे मला मनापासून समाधान आहे.

नव्याने फाउंटन पेन घेणाऱ्याने पहिली बाटली हीच घ्यावी. फक्त दुकानात लेबल नीट वाचावे : कॅमलचीच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही मिळते, पण ती चित्रकामासाठी असून फाउंटन पेनात भरल्यास आत वाळून पेन निकामी करू शकते.