क्रोमोलीच्या भावात फर्निचरचा पाइप: तीनचाकी फ्रेमचं काम देण्याआधी हे वाचा

काम ४५० सीसी स्पोर्ट क्वाडवरून (माळावर पळवायची चारचाकी बाइक) तीनचाकी बनवायचं होतं. मागचा भाग, इंजिन, चिमटा (मागची चाकं धरणारा हात) आणि ॲक्सल क्वाडचंच ठेवायचं, पुढचा ए-आर्मचा (पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांचा) पिंजरा कापून तिथे नेक (हँडल ज्यात फिरतं ती नळी) बसवायचा, त्यात मोटोक्रॉस गाडीचे फोर्क आणि खाली एकच जाड चाक. नागपूर शहरातल्या एका वर्कशॉपने कागदावर लिहून दिलं: पाइप ४१३० क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं मजबूत स्टील), बाहेरचा व्यास ३१.८ मिमी, जाडी २.४ मिमी, सगळे जॉइंट टिगने (हाताने सळई सोडत केलेलं बारीक वेल्डिंग), वर पावडर कोटिंग. सौदा दीड लाखाचा, त्यातले नव्वद हजार आधीच. "पंधरा दिवसांत गाडी घेऊन जा न भाऊ, टेन्शन नका घेऊ." गाडी चार महिन्यांनी मिळाली. दिसायला एक नंबर. हिंगण्याच्या पुढे माळावर आठवडाभर चालली आणि नेकच्या खालच्या जॉइंटला वेल्डच्या कडेकडेने चीर पडली.

चीर कापून उघडली तेव्हा आतला सगळा हिशेब बाहेर आला. तो इथे सविस्तर मांडला आहे, कारण नागपुरात असं काम करून घेणारे वाढले आहेत आणि फसवण्याची पद्धत जवळपास तीच आहे.

आधी गिऱ्हाईक या कामात का अडकतं, ते. कंपनीची नवी तीनचाकी मिळतच नाही. होंडाने आपली तीनचाकी एटीसी २५०आर १९८६ नंतर बंद केली. १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांत न्यायालयीन तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची विक्रीच थांबली. म्हणून हौशी लोक स्पोर्ट क्वाडवरून तीनचाकी बनवतात. बाजारात तुलना करायला तयार माल नाही, किंमत ठरलेली नाही, आणि फ्रेम चांगली की वाईट हे रंगाखालून दिसत नाही. फसवणाऱ्याला आणखी काय हवं?

शिवाय चूक अशा जागी होते जिथे ती परवडत नाही. क्वाडमध्ये पुढच्या चाकांचा मार दोन्ही बाजूंच्या ए-आर्ममधून फ्रेमच्या अनेक टोकांवर वाटला जातो. तीनचाकीत तोच मार एका नेकवर येतो, आणि तोही फोर्कच्या लांब दांड्याने पिळवटत. तिथला पाइप आणि वेल्ड हीच गाडी. बाकी सगळं शोभेचं, असं म्हटलं तरी चालेल.

आता पाइप. कापलेल्या तुकड्याचा बाहेरचा व्यास बरोबर ३१.८ होता, म्हणजे सव्वा इंच. बाहेरून व्हर्नियर लावून काहीच कळलं नसतं. जाडी मात्र १.६ मिमी, म्हणजे सोळा गेज. आतून हात फिरवला तर शिवणीची उभी रेघ बोटाला लागत होती. इतवारीत लोहाओळीत खुर्च्या-टेबलांसाठी मिळतो तो ईआरडब्ल्यू (पट्टी गुंडाळून शिवण वेल्ड केलेला) पाइप. वर्कशॉपवाल्याने देताना पुढचा भाग उचलून दाखवला होता: "बघा किती हलका, क्रोमोली आहे." ही थाप ओळखायला शिका. क्रोमोली आणि साधं स्टील यांची घनता एकच आहे. हलकं लागत असेल तर पाइप पातळ आहे, एवढंच. गणित सोपं: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा, की मीटरला किती किलो ते येतं. २.४ जाडीचा पाइप मीटरला १.७४ किलो, १.६ चा १.१९ किलो. पुढच्या भागात साधारण पाच मीटर पाइप लागतो, म्हणजे पावणेतीन किलोचा फरक. इंजिन बसवण्याआधी फ्रेम काट्यावर ठेवली असती तर चोरी तिथेच उघडी पडली असती.

ताकदीत किती फरक पडला तेही पाहा. जाडी कमी झाल्याने वाकण्याला होणारा विरोध २८ टक्क्यांनी घटला. त्यात नॉर्मलाइज्ड ४१३० ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) साधारण ४३५ मेगापास्कल, आणि या साध्या पाइपची त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही धरलं तर पैसे मोजलेल्या ताकदीच्या एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त, एवढीच हातात आली.

साधं माइल्ड स्टील वापरणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. योग्य जाडीचा, वाहनांसाठीच्या आयएस ३०७४ चा पाइप नेकला गसेट (कोपऱ्यात आधाराची तिकोनी पट्टी) देऊन वापरला तर फ्रेम चांगली टिकते आणि निम्म्या पैशात होते. प्रामाणिक कारागीर तसं तोंडावर सांगतो. क्रोमोलीचे पैसे घेऊन फर्निचरचा पाइप लावला, इथे फसवणूक आहे.

क्रोमोली खरी की खोटी हे ठिणग्यांवरून ठरवू नका. ग्राइंडर लावून "बघा, ठिणगी वेगळी" म्हणणारा तुमचा वेळ खातो आहे. कार्बनचा फरक इतका कमी आहे की सरावलेला डोळाही चुकतो. एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) तपासा. मोठे भंगारवाले आणि एमआयडीसीतल्या लॅब ती बाळगतात. नाण्याएवढा रंग खरवडून गन लावली की क्रोमियम ०.८० ते १.१० आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के दिसलं पाहिजे. साध्या स्टीलमध्ये दोन्ही जवळपास शून्य. गनला कार्बन दिसत नाही, पण या कामाला एवढं पुरतं. मिल टेस्ट सर्टिफिकेटची (कारखान्याच्या तपासणी दाखल्याची) झेरॉक्स दाखवली तर त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) पाइपवरच्या छापाशी जुळवा. एकच झेरॉक्स दहा गिऱ्हाइकांना दाखवली जाते. आणि प्रत्येक पाइपचा हातभर कटपीस काम सुरू होतानाच मागून घ्या. फ्रेम झाल्यावर पाइपची तोंडं बंद होतात, मग आत पाहता येत नाही.

वेल्डिंग टिगचं ठरलं होतं. वरून गुळगुळीत, कुठे लहरच नाही. टिगचा जॉइंट असा दिसत नाही. त्यावर नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखे ठसे असतात, आणि ते घासून काढायचं कारण नसतं. इथे मिगने (तार आपोआप सरकणारं झटपट वेल्डिंग) मारून ग्राइंडरने सपाट केलं होतं, खड्ड्यांत लंबी (पुट्टी) भरली होती आणि वर काळा रंग. पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांवर पक्कं होतं, त्यात साधी लंबी टिकत नाही. म्हणजे "पावडर कोटिंग" हाही स्प्रे पेंटच निघाला. थिनरचा बोळा दोन मिनिटं घासून पाहा: रंग मऊ होऊन बोळ्याला आला तर तो पेंट.

लंबीखाली याहून वाईट होतं. पाइपचं तोंड दुसऱ्या पाइपच्या गोलाईत नीट बसावं म्हणून त्याला माशाच्या तोंडासारखा काप द्यावा लागतो. फट एक मिमीच्या आत हवी. इथे काप अंदाजाने दिलेला, फट चार-पाच मिमी, आणि ती बुजवायला सळईचा तुकडा कोंबून वरून वेल्ड फिरवलेला. चीर तिथूनच सुरू झाली. जॉइंटमध्ये बारीक छिद्रंही होती. त्यामागे आपल्याकडचं एक ठरलेलं कारण असतं: मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांना कूलर वेल्डरच्या अंगावर लावलेला असतो, त्याचा वारा वेल्डवरचा गॅस उडवून नेतो, आणि धातूत हवा शिरून चाळणी होते. उन्हाळ्यात काम द्याल तेव्हा कूलरचं तोंड कुठे आहे ते बघा. हसण्यावारी नेऊ नका.

जॉइंट तपासायला डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा सेट मिळतो. कोऱ्या धातूवर क्लीनर, मग लाल द्रव, दहा मिनिटं थांबून पुसायचं, मग पांढरा डेव्हलपर. चीर किंवा छिद्र असेल तिथे लाल रेघ उमटते. हे रंगाआधीच होतं. म्हणून करारात एक ओळ घाला: फ्रेम कोरी दाखवल्याशिवाय आणि गिऱ्हाइकाने तपासल्याशिवाय रंग नाही. कोरी फ्रेम दाखवायला का-कू करणाऱ्याकडून गाडी त्याच दिवशी उचलून आणा.

नेकची नळी पाण्याच्या दोन इंची पाइपची होती. तिचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, मीडियम क्लासची जाडी ३.६. त्यात ३२००६ टेपर बेअरिंग बसवायची तर आतून ५५ मिमी बोअर करावं लागतं, मग भिंत उरते जेमतेम अडीच मिमी. निदान पाच मिमी भिंत उरेल अशी जाड सीमलेस नळी किंवा भरीव बार हवा. वर बोअर आधी केलं आणि वेल्ड नंतर. वेल्डच्या उष्णतेने नळी लंबगोल झाली, बेअरिंगचे रेसर (बाहेरच्या कड्या) ढिले पडले, तर भोवती पत्र्याची शिम ठोकली. बरोबर क्रम उलटा आहे: वेल्ड आधी, शेवटचा बोअर लेथवर नंतर. हँडल एका जागी जड आणि पुढे सैल लागत असेल तर हेच झालेलं असतं.

भूमितीकडे तर कुणी पाहिलंच नव्हतं. नेकची रेषा जमिनीला जिथे मिळते आणि चाक जिथे टेकतं, त्यांतलं अंतर म्हणजे ट्रेल; ती कमी झाली की हँडल स्थिर राहत नाही. मोटोक्रॉस गाडीत २७ अंश रेक (नेकचा उभ्या रेषेपासूनचा कल), २१ इंची रिमचं चाक आणि फोर्क व टी (दोन्ही फोर्क धरून नेकला जोडणारा भाग) मिळून ५५ मिमी ऑफसेट (ॲक्सल नेकच्या रेषेच्या जितकं पुढे ते अंतर) असेल तर ट्रेल ११४ मिमीच्या आसपास येते. तेच फोर्क तसेच ठेवून बाहेरून २३ इंची जाड टायर लावला की चाकाची त्रिज्या ५३ मिमीने घटते आणि ट्रेल ८७ वर येते. जाड टायर दोन फोर्कमध्ये मावावा म्हणून टी रुंद करावी लागते. ती करताना या वर्कशॉपने ऑफसेट आणखी १८ मिमी पुढे नेला. ट्रेल उरली ६७. वेग घेतला की हँडल थरथरणार, आणि तसंच झालं. उपाय म्हणून वर्कशॉपने काय सुचवलं? वेगळ्या पैशात स्टीअरिंग डॅम्पर! ट्रेल घरी मोजता येते: ॲक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडा, नेकच्या रेषेत दोरी ताणून जमिनीपर्यंत न्या, दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल.

जिगशिवाय (सगळे भाग जागच्या जागी पकडणाऱ्या साच्याशिवाय) जोडलेली फ्रेम तिरकी निघते. नेकच्या खालच्या टोकाच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. फरक तीन मिमीच्या वर गेला तर फ्रेम घेऊ नका. फोर्कच्या स्प्रिंगा काढून ते पूर्ण दाबा आणि हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. टायर रेडिएटरला किंवा सायलेन्सरच्या बेंडला लागतो का ते तेव्हाच कळतं. गाडी उभी असताना दाखवलेल्या फटीला काही अर्थ नाही.

टी ७०७५ बिलेटची (मजबूत ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरलेली) म्हणून घेतली होती. ७०७५-टी६ चा ब्रिनेल कडकपणा १५० च्या आसपास, साध्या ६०६१-टी६ चा ९५, म्हणजे कडकपणा मोजला की फरक कळतो. ही टी दोन तुकडे वेल्ड करून रुंद केलेली निघाली. ॲल्युमिनियमला वेल्ड लागला की आजूबाजूचा टी६ चा कडकपणा उतरतो. टीला वेल्डचा डाग दिसला तरी ती नको.

गाडी महिनोन्महिने पडून राहते तेव्हा सुटे भाग बदलले जातात. इथे मागचा शॉकअप आणि चांगला ॲक्सल जाऊन त्याजागी थकलेला माल आला. देतानाच इंजिन नंबर, शॉकअप, ईसीयू, ॲक्सल, रिम यांचे फोटो काढा, प्रत्येकावर आतल्या बाजूला पेंट मार्करची खूण करा आणि यादीवर वर्कशॉपची सही घ्या.

"पासिंग करून देतो, आरटीओत ओळख आहे" म्हणून वेगळे पैसे मागितले जातात. देऊ नका. असे क्वाड रस्त्याबाहेर चालवायलाच विकले जातात. नोंदणी असलेल्या गाडीतही कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच म्हटलं आहे. नागपूरच्या एमएच ३१, ४० किंवा ४९ चा जो नंबर लावून मिळतो, तो दुसऱ्याच गाडीचा असतो.

पैसे टप्प्याने द्या: मटेरियल आणून कटपीस हातात आल्यावर एक भाग, फक्त टॅक मारलेली (ठिपक्यांनी तात्पुरती जोडलेली) फ्रेम मोजून झाल्यावर दुसरा, कोरी फ्रेम तपासल्यावर तिसरा, गाडी चालवून पाहिल्यावर उरलेले. जीएसटी बिलावर पाइपचा ग्रेड आणि जाडी लिहून घ्या. "फॅब्रिकेशन चार्जेस" एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीत तुमची बाजू लंगडी करतं.

फसलाच असाल तर चीर दुरुस्त करू नका. "पट्टी मारून देतो भाऊ, फुकट" म्हणतील. पट्टी मारली की पुरावा गेला, आणि फ्रेम पट्टीच्या कडेला पुन्हा तुटते. फोटो काढा, तुटलेला भाग तसाच ठेवा, एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबकडून जाडी आणि रासायनिक तपासणीचा अहवाल घ्या, मग लेखी नोटीस पाठवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. गाडी भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी केली असेल तर मात्र ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड जातं.

अहवाल हातात आल्यावर फ्रेम वाचवायची असेल तर इंजिनच्या पुढच्या माउंटिंगपासून सगळा पुढचा भाग कापून टाका. चिमट्याचा पिव्हट आणि मागचा सबफ्रेम कंपनीचा असतो, तो हात न लावता तसाच ठेवा. फोर्क आणि चाक पुन्हा वापरता येतात. नेक, टी आणि कापलेला पाइप तक्रार निकाली निघेपर्यंत घरी ठेवा, भंगारवाल्याला त्यानंतरच द्या.