चार खोल्या, एक अ‍ॅम्प: रेझिस्टरवाला सिलेक्टर बॉक्स कितपत पुरतो?

हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, गॅलरी. चारही ठिकाणी ८ ओहमच्या (करंटला होणारा विरोध ओहममध्ये मोजतात) स्पीकरची एकेक जोडी, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) मात्र एकच. अशा वेळी सगळे जण चार बटणांचा साधा सिलेक्टर बॉक्स उचलतात, म्हणजे कुठल्या खोलीचे स्पीकर चालू ठेवायचे ते निवडणारा डबा. त्याच्यावर ‘प्रोटेक्शन’ नावाचं एक बटण असतं. खरी मेख तिथेच आहे.

ते बंद ठेवून चारही जोड्या चालू केल्या की स्पीकर पॅरलल (शेजारी-शेजारी एकाच आउटपुटवर) होतात आणि डाव्या-उजव्या दर चॅनेलला २ ओहम उरतात. २० व्होल्टला एक स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, चार मिळून १०. किमान ४ ओहम मागणारा अ‍ॅम्प आवाज वाढवताच ट्रिप होतो. संरक्षण नसलेल्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात.

बटण दाबलं की सिरीजमध्ये, म्हणजे स्पीकरच्या वाटेतच, रेझिस्टर येतो. तो अडीच ओहमचा धरला तर एकूण साडेचार. अ‍ॅम्प वाचला, पण निम्म्याहून जास्त वॉट रेझिस्टर तापवण्यात गेले. शिवाय स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे हाच ओहममधला विरोध, फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. जिथे तो चढतो तिथे आवाज फुगतो, बास सैल पडतो. गॅलरी बंद केली की हॉलचा आवाज बदलतो, हा आणखी वैताग. कामं करताना मागे गाणी वाजायला हा बॉक्स चालेल. बसून ऐकायला नाही.

त्यापेक्षा खोलीगणिक ऑटोफॉर्मरचा (एका प्रकारच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) इम्पिडन्स-मॅचिंग व्हॉल्यूम कंट्रोल घ्या. महाग पडतो, पण पैसे वसूल. अ‍ॅम्प ८ ओहमचा असेल तर चार जोड्यांसाठी जंपर (इम्पिडन्स किती पट करायचा ते ठरवणारी छोटी पिन) चौपटीवर ठेवायचा: ८ चे ३२ होतात, चार मिळून पुन्हा ८. अ‍ॅम्पला ४ ओहम चालत असतील तर दुप्पट पुरे. एक जंपर चुकून एकपटीवर राहिला तर एकूण साडेचारच्या आसपास येतं आणि तीच खोली कर्कश वाजते. चौपटीला प्रत्येक स्पीकरला पाव पॉवर मिळते, हे मात्र गृहीत धरा.

बॉक्सच घ्यायचा ठरलं तर दुकानातच मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून डाव्या-उजव्या आउटपुटचे काळे टर्मिनल तपासा. बीप वाजला तर आत निगेटिव्ह एकत्र आहेत. ब्रिज्ड आउटपुटच्या अ‍ॅम्पला, म्हणजे बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पना, तो लावू नका. त्यांच्या काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, थेट शॉर्ट होतो.

वायर तांब्याची, दीड स्क्वेअर एमएम, १५ मीटरपर्यंत. जाऊन-येऊन ०.३६ ओहम होतात. गॅलरी त्याहून लांब असेल तर अडीचची ओढा.